कोऱ्या कागदावरचा वारा

पाणथळ, गवताळ माळ आहे. मधून बांधासारखी अरुंद, नागमोडी वाट गेली आहे. डाव्या बाजूची दोन उंच शेलाटी झाडं उजवीकडे कलली आहेत आणि त्यांची पानं फांद्यांवरून सुटून आभाळात पांगली आहेत. वाटेवरचे प्रवासी कमरेत वाकलेत. कुणी गवती टोपी डोक्यावर दाबून धरली आहे. एकाची टोपी केव्हाच गेली. ती आता इतकी वर आहे की तिच्यामागे धावण्यात अर्थ उरलेला नाही. डावीकडे एक बाई आहे. तिच्या तोंडाभोवती कापड गुरफटलं आहे आणि छातीशी, पोशाखाच्या घडीत खोचून ठेवलेला कागदांचा गठ्ठा वाऱ्याने नेमका शोधून काढला आहे. एकामागोमाग एक कागद निघतात, वळसा घेतात, वर चढतात आणि लहान होत जातात. मागे फुजी पर्वत आहे. तो तेवढा हललेला नाही.

काट्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराचं हे लाकडी ठशांनी छापलेलं रंगीत चित्र. नाव ‘सुरुगा प्रांतातलं एजिरी’. ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्यं’ या मालिकेतलं हे चित्र साधारण १८३० ते १८३२ या काळातलं आहे. तेव्हा होकुसाई सत्तरीत होता. मालिका इतकी खपली की प्रकाशक निशिमुराया योहाची याने आणखी दहा चित्रं करवून घेतली आणि छत्तीसची झाली ४६. त्यातली ती प्रचंड लाट जगभर पोहोचली. एजिरीचं चित्र तिच्यामागे झाकलं गेलं. मला मात्र हे चित्र लाटेहून मोठं वाटतं. लाटेला आकार आहे, कड आहे, फेस आहे; ती काढता येते. वाऱ्याकडे यातलं काहीच नाही.

चित्रात वारा शोधून पाहा. तो कुठेही काढलेला नाही. व्यंगचित्रात असतात तशा वळणदार रेघा नाहीत, गाल फुगवून फुंकणारा ढग नाही, धुळीचा लोट नाही. आहेत त्या नुसत्या वस्तू, आणि कोण वाऱ्यापुढे किती नमतं याचा काटेकोर हिशेब. कागद सगळ्यांत हलके, ते पूर्ण शरण गेले. पानं त्यांच्या मागोमाग. टोप्या थोड्या जड, म्हणून एक गेली आणि बाकीच्या अजून हाताखाली आहेत. कापड फडफडतं पण अंग सोडत नाही. गवत बुंध्याशी ताठ आणि शेंड्याशी सैल. झाडांची खोडं कलली आहेत, पण बेतानेच. माणसं वाकली आहेत, आणि त्यांचं वाकणं वेगळं आहे: झाडाला वारा वाकवतो, माणूस वाऱ्याचा अंदाज घेऊन आपणहून वाकतो. होकुसाईने हा फरक पाठीच्या एकेका रेषेत दाखवला आहे. सगळ्यांत शेवटी पर्वत. कागदापासून पर्वतापर्यंतची ही उतरंड डोळ्यांनी एकदा चढली-उतरली की ज्याचं चित्रच नाही तो वारा कानाशी घोंगावू लागतो.

वारा असाच मोजायचा असतो, हे शास्त्राच्याही त्याच सुमारास लक्षात येत होतं. फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची प्रतवारी लावली ती जहाजावर काय घडतं, किती शिडं उघडी ठेवता येतात, यावरून. डार्विनला घेऊन १८३१च्या डिसेंबरात निघालेल्या ‘बीगल’ जहाजावर ही प्रतवारी अधिकृतपणे वापरली गेली. तिकडे जपानात एजिरीची फळी कोरली जात होती तीच ही वर्षं. पुढे १९०६ मध्ये जॉर्ज सिम्प्सन यांनी त्या प्रतवारीला जमिनीवरच्या खुणा जोडल्या. धूर सरळ वर जातो तो शून्य. पानं सळसळतात ती दुसरी पायरी. अख्खी झाडं हलतात आणि वाऱ्यासमोर चालणं जड जातं ती सातवी, म्हणजे ताशी ५० ते ६१ किलोमीटर. आठवीत डहाळ्या मोडू लागतात. आता एजिरीकडे बघा. अख्खी झाडं हलली आहेत, माणसं कष्टाने पाऊल टाकताहेत, पण मोडून लोंबणारी फांदी दिसत नाही. सातवी पायरी! जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा वाऱ्याचा वेग आपण मुक्ताईनगरात बसून कागदावरून वाचू शकतो, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

आणि हे वाचन आपल्या भागातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मधून पश्चिमेकडे जाणारी तापी; हे सगळं खोरंच वाऱ्याच्या येण्याजाण्याची वाट आहे. याच खानदेशाच्या पश्चिम अंगाला, साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांगच्या रांग उभी राहिली ती वाऱ्याच्या भरवशावर. चांगदेवच्या संगमाकडे, जिथे पूर्णा तापीला मिळते, मे महिन्यातल्या दुपारी आभाळ मातकट झालं की जुनी माणसं ‘वावधन उठलं’ म्हणतात आणि बागेकडे बघतात. वारा किती होता हे नंतर कुणी कुणाला विचारत नाही. बागेतून एक चक्कर मारली की कळतं.

केळीचं झाड आपण म्हणतो खरं, पण त्या खोडात लाकूड नावाला नसतं. एकमेकांना वेढून बसलेल्या पानांच्या देठांचा तो पाणीदार खांब. निसवलेल्या केळीवर वर घडाचं ओझं, खाली हा खांब, आणि त्यात वारा. म्हणून बांबूचे टेकू लावायचे, बागेभोवती शेवरी नाहीतर गजराज गवताची भिंत उभी करायची. पण याच केळीकडे एक विलक्षण तोड आहे. तिच्या पानाच्या मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत शिरा एकमेकींना समांतर जातात, आणि जोराचा वारा लागला की पान या शिरांच्या मधून फाटत जातं. अखंड पान म्हणजे शीडच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर अशा सपाट पसरलेल्या पानावरचा रेटा चौपट होतो. त्याच्या चिंध्या झाल्या की वारा मधून निघून जातो, आणि शिरा शाबूत राहिल्याने प्रत्येक चिंधी हिरवी राहून आपलं काम करत राहते. स्टीव्हन व्होगेल या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाने वाऱ्याच्या बोगद्यात पानं ठेवून पाहिलं होतं. कितीतरी झाडांची रुंद पानं जोराच्या वाऱ्यात स्वतःला शंकूसारखी गुंडाळून घेतात आणि रेटा कमी करतात. म्हणजे वाऱ्यात सापडलेल्या पानाचा आकार हा त्या पानाने वाऱ्याला दिलेला जबाब असतो. होकुसाईने हा जबाब टिपला. त्याची पानं, टोप्या, माणसं यांचे आकार वारा नसता तर असे नसते.

आमच्या तालुक्याची सगळ्यांत मोठी आठवणही वाऱ्याचीच आहे. शके १२१९, इसवी सन १२९७, वैशाख. तापीकाठी वावटळ उठली, वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, असं वारकरी परंपरा सांगते. तिच्या भावांपैकी ज्ञानेश्वरांची समाधी आळंदीला, सोपानदेवांची सासवडला, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरला. मुक्ताईचं मात्र अंतर्धान स्थळ. कोथळीला आणि मेहुणला माणसं दर्शनाला येतात ती जिथे ती दिसेनाशी झाली त्या जागेच्या. पूर्वीच्या एदलाबादचं नाव मुक्ताईनगर झालं ते तिच्यावरून. हा प्रसंग कुणी चित्रात मांडायचा ठरवला तर काय काढेल? वीज काढता येईल, नदी काढता येईल, थिजून उभे राहिलेले निवृत्तिनाथ काढता येतील. जी गेली तिची जागा कोरीच सोडावी लागेल. एजिरीच्या चित्रातला कोरेपणा मला दिसायला लागला तो या अंगाने विचार करताना. त्याकडे येतोच, पण आधी हे चित्र तयार कसं होतं ते पाहायला हवं. नाहीतर त्या कोऱ्या जागेचं मोल कळत नाही.

आपल्या घरांत छापील चित्र आलं ते मुख्यतः दगडावरून. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं शिळाछापाची, तैलचित्राची झळाळी कागदावर आणण्यासाठी धडपडणारी. जपानी मुद्राचित्राची रीतच निराळी. ते तैलचित्र असल्याचा भास कधीच निर्माण करत नाही. लाकूड, पाणी, कागद आणि हाताचा दाब, एवढीच त्याची सामग्री, आणि ती लपवलेली नसते.

चित्रकार पातळ कागदावर रेषांचं चित्र काढून देतो. तो कागद पालथा करून रानटी चेरीच्या लाकडाच्या फळीवर चिकटवतात. फळी झाडाच्या उभ्या लांबीतून कापलेली, दाट रेषांच्या घट्ट लाकडाची. मग कोरणारा कारागीर प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंनी चाकू उतरता धरून कापत जातो आणि मधलं लाकूड पटाशीने काढून टाकतो. रेष खोदायची नसते, रेषेखेरीज सगळं खोदायचं असतं. ती एका पातळ भिंतीसारखी उभी राहते. यात चित्रकाराचा कागद चाकूखाली संपून जातो. एजिरीचं होकुसाईने स्वतःच्या हाताने काढलेलं छपाईचं रेखाटन म्हणूनच जगात कुठे सापडणार नाही. संग्रहालयांत आहेत त्या सगळ्या छापलेल्या प्रती. चित्राची अस्सल प्रत एक नसून अनेक असतात, आणि त्या सगळ्या सारख्याच अस्सल.

आता जरा त्या कारागिराच्या जागी बसून पाहा. समोर लाकडाची टणक फळी. तिच्यावर कोरायचं काय, तर वाऱ्यात वाकलेलं गवताचं पातं, उडत्या कागदाची दुमडलेली कड, आणि पर्वताची ती लांबच लांब एकमेव रेष, जी कुठेही तुटता कामा नये. लाकडाच्या रेषांच्या दिशेने चाकू सुखाने सरकतो. आडवं जाताना ढलपी उडायची भीती, आणि तिरकं जाताना चाकू आपल्या मनाने भरकटायची. वाकलेलं पातं कोरताना हात या तिन्ही दिशांतून जातो. वाऱ्याइतकी हलकी गोष्ट दाखवायला लाकडाइतकी हट्टी गोष्ट हाताशी घ्यायची, आणि पाहणाऱ्याला त्या झटापटीचा मागमूसही लागू द्यायचा नाही. चित्रावर सही होकुसाईची आहे. हे ज्याने कोरलं त्याचं नाव तिथे नाही, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

रेषांचा ठसा झाला की त्यावरून प्रती काढतात आणि प्रत्येक रंगासाठी वेगळी फळी कोरतात. रंग जागच्या जागी बसावेत म्हणून प्रत्येक फळीवर दोन खुणा राखलेल्या असतात: कोपऱ्यात काटकोनी खाच, आणि त्याच कडेला थोडं पुढे एक सरळ खाच. कागदाचा कोपरा एकीत बसवायचा, कड दुसरीला टेकवायची आणि कागद सोडायचा. या खुणांना ‘केंतो’ म्हणतात. १७६५च्या सुमारास या खुणांच्या जोरावर पूर्ण रंगीत चित्रं निघू लागली आणि जपानी छपाईचं रूपच पालटलं. कागद तुतीच्या कुळातल्या कोझो झुडपाच्या सालीचा, ओलसर करून ठेवलेला. रंग पाण्यातले, ब्रशने फळीवर पसरायचे, त्यात तांदळाची थोडी खळ घालायची म्हणजे डाग न पडता एकसारखे बसतात. वर कागद ठेवून बांबूच्या सालपटात गुंडाळलेल्या गोल ‘बारेन’ने पाठीमागून घासायचं. यंत्र नाही, दांडा नाही, चाक नाही. रंग कागदावर थर होऊन बसत नाही, तंतूंमध्ये शिरतो. म्हणून चांगली प्रत उलटी केली तरी चित्राची छाया पाठीवर दिसते.

आभाळाचा गडद पट्टा खाली येता येता विरत जातो, त्यासाठी वेगळा ठसा नसतो. छापणारा ओल्या फळीवर एकाच कडेला रंग लावतो आणि ब्रशने तो पाण्यात विरवत नेतो, प्रत्येक प्रतीसाठी नव्याने. एका आवृत्तीच्या शेकडो प्रती निघाल्या तर शेकडो वेळा. दोन प्रती शेजारी ठेवल्या की आभाळ सारखं नसतं. छापील चित्र म्हणजे एकसारखी नक्कल ही आपली समजूत इथे गळून पडते.

रंगांत मला सगळ्यांत ओढ निळ्याची. या मालिकेतल्या पहिल्या छत्तीस चित्रांत बाह्यरेषासुद्धा काळ्या नाहीत, निळ्या आहेत. तो निळा बर्लिनमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी रसायनांच्या भांड्यात अवचित गवसलेला. आपण त्याला प्रशियन निळा म्हणतो. डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत तो जपानात पोहोचला आणि १८३०च्या सुमारास स्वस्त झाला. त्याआधी तिथे निळीचा रंग होताच, झाडाच्या पानांतून काढलेला. नीळ म्हटली की आपल्याला फैजपूर आठवायला हवं. ब्रिटिशकाळातल्या गॅझेटिअरमध्ये फैजपूरची ओळख आहे ती छापील कापडासाठी आणि निळ्या-तांबड्या रंगांसाठी. रंगाऱ्यांची कितीतरी कुटुंबं तिथे या धंद्यावर जगत होती. लाकडाचा ठसा, त्यावर रंग, खाली कापड, वरून हाताचा दाब. एका रंगाचा ठसा उठला की दुसऱ्याचा नेमका त्याच्या कुशीत बसवायचा, ही कसरत फैजपूरच्या छपाईवाल्याला जपानी छापणाऱ्याइतकीच ठाऊक असणार. त्याने एजिरीची प्रत हातात घेतली असती तर फुजी पाहण्याआधी कड पाहिली असती: रंग रेषेबाहेर गेलाय का?

आता तो कोरेपणा. बाईच्या पोशाखातून सुटलेले कागद कोणत्या रंगात छापले आहेत? कोणत्याच नाही. त्यांच्याभोवती बारीक बाह्यरेषा आहे आणि आत न छापलेला कागद. चित्रातला कागद म्हणजे खराच कागद. होकुसाईने ते काढले नाहीत, आपल्या हातातल्या कागदातलेच तुकडे रेषेने वेगळे करून वाऱ्यावर सोडले. मग नजर फुजीकडे न्या. त्यालाही रंग नाही. एक रेष वर चढते, उतरते, आणि आत तोच कोरा कागद. चित्रातली सगळ्यांत हलकी आणि सगळ्यांत जड वस्तू एकाच कोरेपणाची बनली आहे. एकीला वारा नेतो, दुसरीला तो हात लावू शकत नाही, आणि छापणाऱ्याच्या बारेनखाली दोन्ही जागी रंगाचा थेंबही गेलेला नाही. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बराच वेळ फक्त या दोन जागांवरून डोळे फिरवत राहिलो होतो. सत्तरीतल्या माणसाने, आयुष्यभर रेषा ओढल्यावर, सगळ्यांत मोठी गोष्ट सांगायची ठेवली ती न छापलेल्या जागेवर.

दिशेचीही एक गंमत आहे. वारा डावीकडून उजवीकडे वाहतो. मराठी वाचणारा डोळा डावीकडून उजवीकडे जातो, म्हणजे आपण या चित्रात वाऱ्याच्या संगतीने शिरतो. कागदांच्या मागोमाग सहज उजव्या कोपऱ्यात पोहोचतो. होकुसाईचे ग्राहक मात्र उजवीकडून डावीकडे वाचणारे, चित्रांच्या गुंडाळ्याही त्याच दिशेने उलगडणारे. त्यांची नजर वाऱ्याच्या तोंडावर चालत गेली असणार, त्या वाकलेल्या प्रवाशांसारखी. चित्र तेच, पण त्यांना वारा आपल्यापेक्षा जास्त लागला असावा. आरशात धरून पाहा, फरक जाणवतो.

एजिरीच्या चित्रानंतर दोन-तीन वर्षांतच उतागावा हिरोशिगेने तोकाइदो रस्त्यावरच्या मुक्कामांची मालिका केली. त्यातल्या ‘योक्काइची’ या चित्रातही वारा आहे. तिथे एकच टोपी आहे, जमिनीवरून चाकासारखी घरंगळत चाललेली, आणि तिच्यामागे एक माणूस जिवाच्या आकांताने धावतो आहे. दुसरा माणूस छोट्या पुलावर पाठमोरा, त्याचा झगा पंखासारखा फुललेला. वळणदार विलो झाड मधोमध. हिरोशिगेला त्या माणसाची धांदल दिसते, त्याची कीव येते. होकुसाईला कुणाचीच कीव येत नाही. त्याला बाई, टोपी, पान आणि पर्वत एकाच नियमात बांधलेले दिसतात. मला होकुसाई जवळचा वाटतो, पण संध्याकाळी थकून आल्यावर हिरोशिगे पाहावा.

१९९३ मध्ये जेफ वॉल या कॅनेडियन कलावंताने एजिरीचं चित्र छायाचित्रात पुन्हा उभं केलं. व्हँकूव्हरजवळचा माळ, सूट घातलेली माणसं, उडणारे टंकलिखित कागद. एक क्षण टिपल्यासारखं दिसणारं ते छायाचित्र वर्षभराहून अधिक काळ काढलेली शंभरावर छायाचित्रं संगणकावर जोडून तयार झालं, कारण खरा वारा एका क्षणात एवढं सगळं नीटपणे करत नाही. होकुसाईचा क्षणही असाच रचलेला होता. एकेका फळीने.

जपानी चित्रकार आणि खानदेश यांची गाठ अजिंठ्याने घातली. जळगावहून अजिंठा किती जवळ! आराई कांपो हे चित्रकार रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून १९१६ मध्ये भारतात आले आणि त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्याआधी लेडी हेरिंगहॅम यांच्या चमूत नंदलाल बोस अजिंठ्यात रेखाटनं करत बसले होते. तेच नंदलाल १९२४ मध्ये रवींद्रनाथांबरोबर जपानला जाऊन आले, १९३० मध्ये त्यांनी दांडीला निघालेल्या गांधीजींचं लिनोवर कोरलेलं चित्र छापलं, आणि १९३६च्या डिसेंबरात फैजपूरला, काँग्रेसच्या खेड्यात भरलेल्या पहिल्या अधिवेशनात, बांबू आणि गावातल्या साध्या सामानातून सजावट उभी केली. रंगाऱ्यांच्या गावात ठशांची भाषा जाणणारा कलावंत येऊन राहिला होता, हे आपण सहसा आठवत नाही. अधिवेशनाची भाषणं तेवढी आठवतात.

आणि हिरोशी योशिदा. १८७६चा जन्म, १९५०ला मृत्यू. १९३०च्या अखेरीस ते मुलगा तोशी याला घेऊन भारतात आले. कांचनजंगा, बनारस, अमृतसर, उदयपूर, मदुराई पाहिलं आणि अजिंठा-वेरूळही. परत गेल्यावर १९३१-३२ मध्ये त्यांनी या प्रवासावर रंगीत मुद्राचित्रांची मालिका केली, आणि तिच्यात अजिंठ्याचं लेणं आहे. म्हणजे आपल्या डोंगरातला दगड जपानी चेरीच्या लाकडावर कोरला गेला. होकुसाईने फळ्या कारागिरांवर सोपवल्या होत्या. योशिदांनी स्वतःचं छपाईघर काढलं, कोरणारे आणि छापणारे डोळ्यांसमोर बसवले, काही काम स्वतः केलं. आपल्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात ते ‘जिझुरी’, म्हणजे स्वतः छापलेलं, असा शिक्का उठवत.

त्यांची एक करामत वाऱ्याच्या चित्रांना फार जवळची आहे. १९२६च्या ‘शिडाच्या होड्या’ या मालिकेत त्याच त्या फळ्या त्यांनी वेगवेगळ्या रंगांत छापल्या. पहाट, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र. रेष एकही बदलली नाही. होड्या त्याच, शिडं तशीच, पण पहाटेच्या प्रतीत हवा मंद आणि ओलसर वाटते, रात्रीच्या प्रतीत ती पडलेली असते. ताजमहालाचीही त्यांनी अशी वेगवेगळ्या वेळांची चित्रं केली. होकुसाईचा वारा रेषेत आहे, योशिदांची हवा रंगात.

हे सगळं पाहायला टोकियो गाठण्याची गरज नाही. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने आणि शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने आपल्याकडच्या होकुसाईच्या प्रती मोठ्या आकारात, फुकट पाहता येतील अशा ठेवल्या आहेत. मोबाइलवर एजिरी उघडा आणि बोटांनी मोठं करत जा. आधी पर्वताची रेष एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहा, कुठे जाड-बारीक होते ते. मग गवताची पाती. मग दोन संग्रहालयांतल्या प्रती शेजारी ठेवा: जिच्यात रेषा कोरीव, टोकदार आहेत ती बहुधा आधी छापलेली, कारण हजारो वेळा घासून फळीच्या त्या पातळ भिंती बोथटतात.

आणि मग त्याच मालिकेतलं तांबड्या फुजीचं चित्र काढा. त्याच्या जपानी नावात दक्षिणेचा मंद वारा आणि स्वच्छ हवा आहे. माणूस नाही, टोपी नाही, उडणारं पान नाही. डोंगर आणि पायथ्याचं रान स्थिर आहे. मग वारा कुठे? आभाळात, ढगांच्या बारीक पांढऱ्या पट्ट्यांत. तेही जवळून पाहिले तर न छापलेला कागदच. सुरुवातीच्या प्रतींत डोंगराच्या उतारावर फळीच्या लाकडाच्या रेषासुद्धा उमटलेल्या दिसतात, कारण छापणाऱ्याने त्या पुसल्या नाहीत, वापरल्या. ब्यूफर्टच्या पट्टीवर या वाऱ्याला कितवी पायरी द्यायची, यावर माझं अजून ठरत नाही. मी दुसरी म्हणतो, घरातले पहिली म्हणतात.